बाबांच्या तुकड्यावरचं गवत

स्टोर्बी, नॉर्थ डकोटा
१२ मे १९९७

चि. पामर यास,
अ. उ. आ. आशीर्वाद आधीच देऊन ठेवते, कारण पुढे सगळी रडकथाच आहे.

तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. उत्तराला महिना लागला, त्याला कारण तुझे दाजी. यंदाचा हिवाळा म्हणजे नुसता छळ होता. एप्रिल संपत आला तरी कोठाराच्या सावलीत बर्फ दबा धरून बसलेलं. सेल्मर सकाळी बियाणं बघून येतो म्हणाले आणि तिथेच पाय घसरून आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं. मायनॉटच्या इस्पितळात खिळे घालून जोडलंय. एकाहत्तराव्या वर्षी माणसाने बर्फावरून धावू नये हे सांगायला डॉक्टर कशाला लागतो? पण माझं ऐकतात थोडंच.

पेरणी डोक्यावर आणि हे खाटेवर. मी कोणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. पण पास्टरने रविवारी चर्चमध्ये ह्यांचं नाव घेतलं आणि पुढच्या शनिवारी उठून बघते तो अंगणात ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. तुला आठवत असेल, इथे कोणी अंथरूण धरलं की असंच होतं. टोपीला हात लावतात आणि कामाला लागतात, बोलणं नाही की चालणं नाही. बायकांनी जेवण आणलं. झाडून सगळ्यांनी बटाट्याचं हॉटडिशच आणलं, दुसरं काही सुचतच नाही आमच्या बायकांना. दुपारच्या जेवणापर्यंत आमचा सगळा गहू पेरून झाला. मला रडू यायला लागलं, म्हणून कॉफी करायच्या निमित्ताने आत गेले.

जेवणं उरकून मी मायनॉटला गेले आणि दोन रात्री ह्यांच्यापाशी काढल्या. सोमवारी परत आले. वळणावर गाडी थांबवली, कारण बाबांचा तुकडा काळा दिसत होता. पामर, दहा वर्षं जिथे गवत उभं आहे तिथे अर्ध्या रानात काळी माती, आणि मातीत पेरणीच्या रेघा.

गवताचा करार सप्टेंबरअखेर संपायचा होता. तोवर तिथे नांगर लावायचा नाही, म्हणूनच तर सरकार पैसे देतं.  ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण त्या करारावर माझ्याबरोबर तुझीही सही आहे.

नोरीनला माझी आठवण सांग. लांब आहेस, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई,
आर्डिस


टकोमा, वॉशिंग्टन
२१ मे १९९७

ती. आर्डिसताईस,
सा. न. दाजींना वेगळा नमस्कार, आणि त्यांच्या खुब्याला त्याहून वेगळा.

दाजी पडल्याचं वाचून फार वाईट वाटलं. नोरीन म्हणते, आता तरी त्यांना वर्षभर खुर्चीत बसव. मी तिला म्हटलं, तू दाजींना ओळखत नाहीस, ते खुर्चीसकट कोठारात जातील.

आता तुकड्याचं बोलतो. ताई, सरकार एका हाताने गहू पेरायचे पैसे देतं आणि दुसऱ्या हाताने न पेरायचे, हे मला गोदीतल्या कोणाला आजवर समजावता आलेलं नाही. मी तरी कुठे समजून घेतलं? तू कागद पाठवतेस, मी सही करतो, अर्धा चेक येतो, गाडीला टायर येतात. पण करार मोडला तर दहाही वर्षांचे पैसे व्याजासकट परत मागतात, एवढं मला ठाऊक आहे. ते तू कुठून देणार आणि मी तरी कुठून? म्हणजे तुकडाच विकायचा. दुष्काळात बाबांचं सगळं गेलं, तेवढा एक तुकडा त्यांनी राखला होता. मी एकोणिसाव्या वर्षी तिथून पळालो खरा, पण तो विकायच्या कागदावर सही करणं मला जमायचं नाही.

हे कोणी केलं? ते गवत सरकारी आहे हे रस्त्याने जाणाऱ्या कुत्र्यालाही माहीत असेल. आणि तुला माहीत नाही असं त्या काउंटीत काही घडत नाही. अर्ध्या स्टोर्बीचे अनुदानाचे कागद तुझ्या स्वयंपाकघरात भरले जातात. काउंटीच्या शेतकी कचेरीने मोजणीत घोळ घातला तर तो तू काढून देतेस आणि वर त्यांना कॉफी पाजतेस. तेव्हा कोड्यात बोलू नकोस. नाव सांग.

रागावलोय, पण तुझ्यावर नाही. धाकट्यावर लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा,
पामर


स्टोर्बी
४ जून १९९७

चि. पामर यास,
अ. उ. आ. तुझ्या पत्राने जरा हसू आलं. महिन्यात पहिल्यांदाच.

हे घरी आले. काठीने चालतात, म्हणजे काठी पुढे आणि शिव्या मागे. कचेरीचा माणूस येऊन गेला. तुकड्याचे फोटो काढले, गहू बोटभर वर आलाय तो बघितला, आणि कोणी नांगरलं ते विचारलं. मी म्हटलं, समितीपुढे सांगेन.

तुला मात्र सांगते. गेलर्ड रुस्टाडने. आपल्या पूर्वेचा शेजारी. मुद्दाम नाही केलं रे. त्या शनिवारी त्याची गाय अडली होती, म्हणून तो उशिरा आला. येईतो सगळं पेरून झालेलं. आयतं ताट पुढे आलं, तो जेवला. आणि जेवून हात हलवत घरी जायचं म्हणजे इथे केवढी लाज, तुला माहीत आहे. मग जे उरलेलं दिसलं ते त्याने नांगरलं. दुसऱ्या दिवशी, रविवार असून, परत येऊन पेरलंही. हे मला त्याच्या बायकोने, लोरेनने, अगदी कौतुकाने सांगितलं. ती दर मंगळवारी ह्यांच्या पायाला व्यायाम द्यायला येते. मी तिला काही बोलले नाही.

तू विचारशील, त्याला करार माहीत नव्हता का? बाकी सगळ्यांचे करार गेल्या सप्टेंबरात संपले. या वसंतात जो तो आपलं गवत नांगरत होता. आपला करार एक वर्ष मागे आहे, कारण पहिल्या वर्षी ह्यांनी ताठा धरला होता. पडीक जमिनीचे पैसे घेणार नाही म्हणाले. वर्षभराने घेतलेच. गेलर्डला वाटलं, आपलाही सुटला. एकदा विचारलं असतं तर? पण इथली माणसं शेजाऱ्याला त्याच्या पोटाच्या ऑपरेशनचं खोदून खोदून विचारतील, सरकारी चेकचं चुकूनही नाही विचारणार. ते म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं.

खरी अडचण पुढेच आहे. काउंटीच्या समितीवर आपणच निवडून दिलेले तीन शेतकरी असतात आणि असे निवाडे तेच करतात. गेलर्ड त्या समितीचा अध्यक्ष आहे. दुसरा कोणी असता तर चुकून झालं म्हणून निभावलं असतं. अध्यक्षालाच नियम माहीत नव्हता, हे कोण ऐकून घेणार? त्याची खुर्ची जाईल, त्याचे स्वतःचे चेक थांबतील, आणि चेक थांबले तर त्याचं घर उभं राहणार नाही. त्याचं नाव घेतलं तर आपण सुटतो. नाही घेतलं तर बाबांचा तुकडा जातो.

शेवटी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, तो माझं काम करायला आला होता, त्याला मी कचेरीच्या हाती देणार नाही. मी म्हटलं, मग माझ्या बाबांचा तुकडा देणार का? भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

गेलर्ड इकडे फिरकत नाही. आमचं मोडकं कुंपण मात्र दुरुस्त झालंय, दुधाच्या डब्याशी कोणीतरी अंडी ठेवून जातं. मला नकोत त्याची अंडी. एक शब्द हवाय. आर्डिस, चुकलं माझं, एवढं दारात येऊन म्हणाला असता तर मी उभ्या काउंटीशी भांडले असते त्याच्यासाठी. मी फार दमलेय, पामर.

आपल्या माणसांनी लिहीत राहावं. तेवढंच बरं वाटतं.

तुझी,
आर्डिस


टकोमा
१३ जून १९९७

ती. ताईस,
सा. न. आज नमस्कार नुसता, गंमत नाही.

गेलर्डचं नाव घे. यात विचार करण्यासारखं काय आहे? तो तुमच्या उपयोगी पडायला आला होता, मान्य. म्हणून त्याने आग लावली असती तर तुम्ही काडी आम्हीच दिली म्हणाला असतात का? तो कुंपण दुरुस्त करतो, अंडी ठेवतो आणि मूग गिळून बसतो. ही कसली माणुसकी?

मला तुमच्या गावाचं हेच कळत नाही. सगळ्यांना सगळं ठाऊक, आणि बोलायचं कोणी नाही. मी पळालो तो थंडीला कंटाळून नाही, या गप्प बसण्याला कंटाळून.

दाजींना म्हणावं, मोठेपणा स्वतःच्या जमिनीवर करा. हे वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव, मला काय!

लिहून झाल्यावर नोरीनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पत्र फाड. मी फाडत नाही. राग उतरला की माया वर येईल, धीर धर.

तुझा,
पामर


स्टोर्बी
३० जून १९९७

चि. पामर यास,
अ. उ. आ. पत्र वाचून दाखवलं. हे म्हणाले, पोराचं बरोबर आहे. आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

एक वाट निघाली आहे. कचेरीतल्या मुलीने आडून आडून सुचवली, मोठी हुशार पोरगी आहे. चूक मालकाच्या घरातच झाली असेल, वयामुळे, गैरसमजाने, प्रामाणिकपणे, तर समिती माफ करू शकते. पैसे परत द्यावे लागत नाहीत. उगवलेला गहू मोडायचा, आपल्या खर्चाने गवत पुन्हा पेरायचं आणि यंदाच्या चेकवर पाणी सोडायचं. एवढ्यात भागतं. आणि घरच्यांनीच सांगितलं असलं, तर ट्रॅक्टरवर कोण बसलं होतं ते कोणी विचारत नाही.

तेव्हा मी सांगणार आहे की नांगरायला मीच सांगितलं. करार संपला असं मला वाटलं, मी विसरले.

तू हसशील. मी आणि विसरले! कुठल्या रानाला कुठला करार आणि कधी सुटतो, हे मला झोपेत विचार. पण दुसरं काय करू? गेलर्ड वाचतो, तुकडा वाचतो. जातं ते माझं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, लोक दोन दिवस बोलतील आणि विसरून जातील. मी म्हटलं, विसरायचं काम तर माझं आहे ना. त्यांना हसू आलं नाही.

तुझं एक काम आहे. दुसरा मालक म्हणून तुझंही निवेदन लागतं. चार ओळी लिहून सही कर. बहिणीचं वय झालं, अलीकडे तिची गल्लत होते, आधीही एकदोनदा झाली आहे. असं लिही. मला माहीत आहे तुला जड जाईल. पण बारा तारखेच्या आत पोचायला हवं.

रुसलास तरी धाकटाच राहतोस. माया आटू देऊ नकोस.

आर्डिस


टकोमा
६ जुलै १९९७

ती. ताईस,
सा. न. निवेदन सोबत आहे.

तीनदा लिहिलं. पहिल्यांदा खरं खरं लिहून बसलो, ते नोरीनने काढून घेतलं. दुसऱ्यांदा इतकं मवाळ लिहिलं की त्यावरून तू विसरतेस की मी, ते कळेना. हे तिसरं. तू म्हणालीस तसंच आहे. तुझ्या वाढदिवशी तूच मला चुकून शुभेच्छांचं कार्ड पाठवलंस, अशी एक गोष्टही रचून घातली आहे. म्हणजे पटेल.

मला पाढे तू शिकवलेस. साताच्या पाढ्याला अडलो की कान पिळायचीस. आणि मी लिहितो की तुझी गल्लत होते. सही करताना लाज वाटली, ताई. उघडच सांगतो.

हे संपलं की इकडे ये चार दिवस. समुद्र बघ. इथे कोणालाच गव्हाचं काही कळत नाही, फार बरं वाटतं.

आहे तसाच मला पदरात ठेव.

पामर


स्टोर्बी
३ ऑगस्ट १९९७

चि. पामर यास,
अ. उ. आ. तुकडा वाचला. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

समितीची सभा कचेरीच्या मागच्या खोलीत झाली. टेबलापलीकडे तिघे आणि अलीकडे मी एकटी. हे येतो म्हणत होते, मीच नको म्हटलं. प्रश्न वाचून दाखवायचं काम अध्यक्षाचं. त्यामुळे ती जमीन कोणाच्या सांगण्यावरून नांगरली, हे मला गेलर्डनेच विचारलं. मान वर न करता. मी त्याच्याकडेच बघत होते. क्षणभर वाटलं, आता वर बघेल, आता कागद खाली ठेवेल. नाही बघितलं.

मी म्हटलं, माझ्या. करार सुटला असं वाटलं. हल्ली माझ्या लक्षात राहत नाही.

उरलेल्या दोघांनाही खरं ठाऊक होतं, पामर. त्या शनिवारी दोघेही आमच्याकडे जेवले होते. त्यातला एक तर गेली पंधरा वर्षं आपले कागद माझ्याकडून भरून नेतो. तो म्हणाला, होतं असं, माझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं. फार गोड आवाजात म्हणाला. मग त्या मुलीने ते लिहून घेतलं. अर्जदार वृद्ध असून स्मरणशक्ती क्षीण झाली आहे. तुझं निवेदन मागे जोडलं. दहा मिनिटांत सगळं आटोपलं. बाहेर येऊन मी गाडीत बसले आणि किल्ली कुठे ठेवली ते खरंच आठवेना. हातातच होती.

परवा गेलर्ड येऊन गहू मोडून गेला. ह्यांनी खिडकीशी खुर्ची ओढून सगळं बघितलं. गहू काही फार चांगला नव्हता, गवताच्या ढेकळांतून वर आलेला, पण कंबरेला लागला होता आणि ओंब्या भरायला आल्या होत्या. असा हिरवा गहू मोडताना बघवत नाही. काम झाल्यावर गेलर्ड टोपी हातात घेऊन दारात आला. मला वाटलं, आता तरी बोलेल. म्हणाला, यंदा पाऊस बरा आहे. मी म्हटलं, हो. कॉफी दिली, ती उभ्यानेच प्यायला आणि गेला.

आता माझ्यात राग करायचंही त्राण नाही. सप्टेंबरात गवत पेरायचं आहे.

नोरीनला सांग, समुद्राचं बघू. माझ्यावर लोभ असू दे, मी आठवणीची कच्ची असले तरी.

आर्डिस


स्टोर्बी
१९ ऑक्टोबर १९९७

चि. पामर यास,
अ. उ. आ. दोन पत्रं झाली तुझी आणि मी गप्पच. तू विचारलंस की लोक अजून बोलतात का. बोलत नाहीत. जपतात.

किराणा घ्यायला गेले की दुकानातली बाई पिशवीतलं सामान एकदा वाचून दाखवते. पास्टर माझ्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलतो. लोरेन दर मंगळवारी येते, माझा हात धरते आणि विचारते, आज कसं वाटतंय? माझं विसरणं हिला खरं वाटतं की नाही, मला सांगता येत नाही. आणि या शरदात अनुदानाचे कागद घेऊन माझ्याकडे कोणीच आलं नाही. एकजणही नाही. दरवर्षी या दिवसांत आमच्या टेबलावर ताट ठेवायला जागा नसते. रस्त्यात भेटले तर म्हणतात, तुम्ही आराम करा आर्डिस, आम्ही कचेरीतच भरून घेऊ. मुदत पाळताना त्यांची किती धावपळ होते ते मला दिसतं. 

हे आता काठीशिवाय चालतात. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा कॅफेत गेले. तिथे कोणीतरी थट्टा केली, सेल्मर, बाईसाहेबांना गवत कुठलं आणि गहू कुठला ते दाखवून ठेव एकदा. सगळे हसले. हेही हसले म्हणे. मला ते कॅफेवालीनेच सांगितलं. हसले नसते तर बिंग फुटलं असतं, हे मला कळतं. मी त्यांना विचारलंही नाही. तरी चार रात्री नीट झोप आली नाही. तुला म्हणून सांगते.

काल आमचे स्वतःचे गव्हाचे कागद भरले. चाळीस वर्षं मीच भरते, हे फक्त सही करतात, वाचतसुद्धा नाहीत. काल मी बटाटे सोलत होते. हे टेबलाशी बसले, चष्मा लावला, आणि पेन्सिलीने एकेका रानाचे एकर पुन्हा मोजायला लागले. ओठ हलवत. मला दिसत नाही असं वाटलं असेल त्यांना. खरं काय ते या घरात आम्हा दोघांना माहीत आहे, पामर. गेलर्डचं नाव नको म्हणून मला ते बोलायला लावणारे हेच. तरी मोजत होते. सगळं जुळलं तेव्हा त्यांनी कागद होते तसेच ठेवले आणि कोठाराकडे निघून गेले.

मी हात पुसले, कागद उचलले, आणि मीही एकदा मोजून बघितले.

या पत्रात काही चुकलं असेल तर कळव. माया राहू दे.

तुझी ताई,
आर्डिस